मुलाची पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प: गोव्यातल्या आईबाबांसाठी

"टीचर, बोटं दुखतात."

फोंड्याला माझ्याकडे शिकायला येणारं प्रत्येक मूल पहिल्या आठवड्यात हे म्हणतं. दोन-तीन आठवड्यांत बोटांची टोकं निबर होतात आणि तक्रार आपोआप थांबते. पण एकदा चवथीच्या सुट्टीनंतर नऊ वर्षांचा एक मुलगा यायला लागला, त्याचं दुखणं काही थांबेना. महिना उलटला तरी तो रडवेलाच. शेवटी त्याची गिटार मी माझ्या मांडीवर घेतली आणि पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या काडीपाशी, तार दाबून पाहिली. माझंच बोट कळवळलं. बाराव्या फ्रेटपाशी पट्टी लावली, तर जाड तार जवळजवळ चार मिलिमीटर वर होती. असायला हवी दोनच्या आसपास. त्याच्या बाबांनी पदरमोड करून कौतुकाने आणलेली नवी कोरी गिटार होती ती, पण विकताना कोणी ती एकदाही जुळवून दिली नव्हती. त्या संध्याकाळी बारीक अ‍ॅलन किल्लीने ब्रिजवरचे, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या भागावरचे, स्क्रू फिरवून मी तारा खाली घेतल्या. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन सूर वाजवले आणि विचारलं, "ही माझीच ना, टीचर?"

महिनाभर मी त्या मुलाला "सराव वाढव" म्हणत राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं. हा लेख त्यासाठीच आहे. मुलाला पहिली गिटार घेताना रंग, नाव, लाकूड या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट बघायची: या मुलाच्या हाताला ती वाजवायला सोपी आहे का?

१. "आधी अकूस्टिक शिकू दे" हे ऐकू नका

हा सल्ला प्रत्येक घरात कोणी ना कोणी देतोच, आणि गोव्यात तर जास्तच, कारण इथे मांडोच्या साथीला घुमटाबरोबर गिटार असते आणि बऱ्याच घरांत एखादी जुनी अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी, गिटार पेटीत पडलेली असते. सल्ल्यामागचा हेतू चांगला असतो, पण हिशेब उलटा आहे. पोलादी तारांच्या नेहमीच्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास भरतो. इलेक्ट्रिकवर सर्वांत पातळ तार नऊ नंबरची, म्हणजे ०.००९ इंचाची असलेला संच लावला, तर तोच ताण चाळीस किलोच्या आत येतो. लहान बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार मऊ असते खरी, पण तिचा नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची मान, रुंद, वरच्या टोकाला सुमारे ५२ मिलिमीटर. इलेक्ट्रिकचा ४२-४३. छोट्या पंजाला तो सेंटिमीटर फार मोठा असतो.

मुलाला जे संगीत आवडतं ते क्लासिकल किंवा लोकगीतांच्या साथीचं असेल तर अकूस्टिकच घ्या. पण कानात इलेक्ट्रिकचा आवाज घेऊन आलेल्या मुलाला वर्षभर दुसरं वाद्य देऊन थांबवून ठेवू नका. दोन्हीकडे तारांची जुळणी तीच, सूर तेच, बोटांच्या जागाही त्याच. एकीवर शिकलेलं दुसरीवर वाया जात नाही.

शिक्षक कोण हेही आधीच ठरवा. पणजीला कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे आणि गावोगावी खाजगी वर्ग घेणारेही पुष्कळ आहेत. ज्याच्याकडे शिकणार, त्याला खरेदीच्या दिवशी सोबत नेता आलं तर उत्तम.

२. घरी, पट्टी आणि पेन्सिल घेऊन

गिटारचं माप तारेच्या वाजणाऱ्या लांबीवरून ठरतं. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं हे अंतर, म्हणजेच स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरची स्केल ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या लेस पॉलची सुमारे ६२८. फेंडर मस्टँगसारख्या गिटारची ६१०. खास लहान हातांसाठी केलेल्या स्क्वायर मिनीची ५७८ आणि आयबनेझच्या मिक्रोची ५६४.

आकडे वाचून काही समजत नाही, म्हणून मी पालकांना एक खेळ करायला सांगते. कोऱ्या कागदावर पेन्सिलने दोन ठिपके काढा, ९.७ सेंटिमीटर अंतरावर. खाली आणखी दोन काढा, ८.७ सेंटिमीटर अंतरावर. मोठ्या मापाच्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर पहिल्या जोडीइतकं असतं, मिनीवर दुसऱ्या जोडीइतकं. मुलाने डाव्या हाताची तर्जनी एका ठिपक्यावर आणि करंगळी दुसऱ्यावर ठेवायची. मधली दोन बोटं ताणली न जाता, मनगट न वाकवता जमलं पाहिजे. वरच्या जोडीवर पंजा आरामात बसला तर मोठी गिटार घ्या. ओढाताण होत असेल आणि खालची जमत असेल तर लहान माप. दोन्हींच्या मध्ये अडकलं तर ६१० ते ६२८ मधली एखादी शोधा.

सर्वसाधारणपणे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना लहान माप लागतं आणि अकरा-बारापासून मोठं चालतं. पण वयापेक्षा कागदावरचे ठिपके खरे. माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आहे, ती मोठी गिटार सहज वाजवते. तिचे हात आजीवर गेलेत.

"वाढतं मूल आहे, मोठीच घेऊ, पुढे कामाला येईल" असं चपलांच्या बाबतीत चालतं, इथे चालत नाही. लहान मापाची चांगली गिटार दोन-तीन वर्षांनी विकता येते, घेणारे मिळतात.

मूल डावखुरं असेल तर दोन्ही बाजूंनी धरून बघू द्या. उजव्या हाताच्या गिटारवर सुखाने वाजवणारे डावखुरे खूप आहेत, पण मूल आपसूक उलटी धरत असेल आणि तसंच त्याला बरं वाटत असेल, तर डाव्या हाताचीच घ्या. निवड कमी मिळेल, थांबावं लागेल, तरी.

३. आत काय असतं, थोडक्यात

तारेखाली लांबट डबी दिसते ती पिकअप. तिच्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी बारीक वीज निर्माण होते, तीच केबलमधून अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्याकडे, जाते. म्हणून इलेक्ट्रिकला नायलॉन तारा चालत नाहीत, पिकअपला त्या दिसतच नाहीत.

एकेरी पिकअपचा आवाज स्वच्छ आणि खणखणीत, पण तो घरातल्या विजेची घरघरही पकडतो. अशा वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या शेजारी उलटसुलट जोडून ही घरघर मारतात, त्याला हंबकर म्हणतात. त्याचा आवाज भरीव. मुलाला पुढे काय आवडेल हे आज कोणालाच माहीत नसतं, म्हणून ब्रिजजवळ एक हंबकर आणि वर दोन एकेरी पिकअप अशी रचना मला पहिल्या गिटारसाठी सर्वांत सोयीची वाटते. यामाहा पॅसिफिकाच्या सुरुवातीच्या गिटारांवर अशी रचना मिळते.

ब्रिजच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. स्थिर ब्रिज घ्या. सूर हलवायची दांडी असलेला साधा ब्रिज असेल तर दांडी काढून ठेवा. ज्याला दोन्ही टोकांना तारा कुलपासारख्या आवळायच्या असतात, तो तरंगता ब्रिज मुलासाठी कितीही शोभिवंत दिसला तरी घेऊ नका. माझ्या मुलीला मी अशी गिटार घेतली होती. एक तार सुरात आणली की उरलेल्या पाच उतरतात, कारण सगळ्या तारा मागच्या स्प्रिंगांच्या तोलावर असतात. एक तार तुटली आणि सगळी गिटार बेसूर झाली. मी घरी नसेन तेव्हा तिला काही करता यायचं नाही. सात महिने तिने गिटारला हात लावला नाही. नंतर स्थिर ब्रिजची जुनी गिटार आणून दिली, ती जुळवायला मुलगी स्वतः शिकली आणि पुन्हा सुरू झाली.

४. दुकानात: एटीएम कार्डं खिशात ठेवा

पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, पण मुलाला घेऊन जा आणि शनिवारी संध्याकाळी गर्दीत जाऊ नका. दुकानदाराला वेळ असेल तेव्हा जा. भिंतीवरची सर्वांत चकचकीत गिटार मुलाचे डोळे खेचणारच. ती खाली काढून द्या, हातात घेऊ द्या. रंग त्याला आवडायला हवा, त्यात चूक काही नाही. आवडलेली गिटार बाहेर राहते, न आवडलेली कपाटात जाते. दोन-तीन गिटार हाताला चांगल्या असतील, तर शेवटची निवड त्याच्या रंगावर सोडा.

आधी वजन. मुलाला पट्टा लावून पाच मिनिटं उभं करा. स्ट्रॅटोकॅस्टर पद्धतीची गिटार साडेतीन किलोच्या आसपास असते, लेस पॉल पद्धतीची चार किलोंच्या वरही जाते. खांदा एका बाजूला झुकतोय का, हात सोडल्यावर नेक खाली पडतो का, ते बघा. मग खुर्चीवर बसवा. उजवा हात बॉडीवरून तारांपर्यंत सहज आला पाहिजे, खांदा कानाकडे न उचलता.

आता कार्डं काढा. बँकेचं कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. आकडे उठावदार नसलेली कार्डं घ्या. बाराव्या फ्रेटवर, सर्वांत पातळ तारेखाली दोन कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तारेला जेमतेम लागतील, इतकीच जागा हवी. जाड तारेखाली तीन कार्डं घातली तर तार किंचित उचलली जावी. तिथे चार कार्डं मोकळी जात असतील, तर गिटार उंच आहे. याचा अर्थ ती वाईट आहे असं नाही, तिचं सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, झालेलं नाही. दुकानदाराला नम्रपणे सांगा, "मुलासाठी आहे, तारा खाली घेऊन द्या, मग घेतो." चांगला दुकानदार लगेच पाना काढतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे मी परत जात नाही.

नंतर तळवा नेकच्या दोन्ही कडांवरून हळूच फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागत असतील, तर मुलाचा हात सोलेल. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा दाबून वाजवायला सांगा, दुकानातल्याच कोणाला तरी. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांचं काम. कुठे सूर मरतोय किंवा तार दुसऱ्या फ्रेटला घासून खर्र करतेय का, कान देऊन ऐका. बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर दोन्ही बघा. फरक पडला तर तोही ब्रिजवरून जुळवता येतो.

शेवटी अ‍ॅम्पला जोडून प्रत्येक बटण फिरवा, केबल जॅकमध्ये हलवून बघा. खरखर झाली तर ती घरी जाऊन कमी होत नाही.

ऑनलाइन मागवत असाल तर खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि याच सगळ्या तपासण्या परतीची मुदत संपायच्या आत करा. सेटअपसाठी माणूस आधी शोधून ठेवा.

जुनी गिटार घ्यायला हरकत नाही. गोव्यात लग्नांत, तियात्रांत, हॉटेलांत वाजवणारे इतके आहेत, की चांगली वापरलेली गिटार हाती लागू शकते. पण समुद्रकाठच्या घरातून आलेली असेल, तर ब्रिजचे स्क्रू फिरतात का ते आधी बघा. गंजून बसलेल्या स्क्रूंवर तारा खालीवर करता येत नाहीत, आणि आपली सगळी भिस्त त्याच्यावर. हेडकडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, डोळा लावून नेककडे पाहा, पिळलेला दिसला तर घेऊ नका.

५. अ‍ॅम्प: वॅट कमी, कान शाबूत

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अर्धं वाद्य, उरलेलं अर्धं अ‍ॅम्प. सगळे पैसे गिटारवर घालून अ‍ॅम्प कसातरी घेतला, तर चांगली गिटारही डब्यासारखी वाजते. मी तीन भाग करायला सांगते: दोन गिटारला, एक अ‍ॅम्पला.

वॅटचा मोह नको. दहा वॅटचा वीस केला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. घरासाठी दहा ते वीस वॅट भरपूर, आणि सहा ते आठ इंची स्पीकर.

मला तीन गोष्टी हव्यातच वाटतात. एक, हेडफोनची जागा. दोन, स्वच्छ आवाज आणि रॉक गाण्यांतला फाटका आवाज असे दोन वेगळे चॅनल. तीन, मोबाइलवरचं गाणं सोबत वाजवता येईल अशी इनपुट. रोलंडचा मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवर चालतो, बॉसचा कटाना मिनीही सेलवर चालतो. जुलैत पडणाऱ्या झाडांबरोबर लाइट जाणाऱ्या आपल्या गावांत ही सोय फार मोलाची आहे, आणि पुढच्या भागात सांगते त्या कारणानेही.

अ‍ॅम्पवर गेन आणि व्हॉल्यूम अशी दोन बटणं असतात, मुलं दोन्ही शेवटपर्यंत फिरवतात. गेन म्हणजे आत येणारा आवाज किती रेटायचा, ज्याने तो फाटतो. व्हॉल्यूम म्हणजे बाहेर किती मोठा पडायचा. मुलाला पहिल्याच दिवशी फाटका आवाज वाजवू द्या, त्याच्यासाठीच तर ते इथवर आलंय. पण रोजचा सराव स्वच्छ चॅनलवर करून घ्या. गेनच्या गर्जनेत चुकलेला सूर ऐकू येत नाही.

कानांबद्दल मी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी दिलेली मर्यादा ७५ डेसिबलची आहे, आठवड्याला चाळीस तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. घरी मीटर नसतो, म्हणून असं करा: मुलाने हेडफोन लावून वाजवत असताना हाताच्या अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात त्याला हाक मारा. ऐकू नाही आली तर व्हॉल्यूम खाली. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, तार छेडल्यावर सूर मागून येतो आणि मुलाचा ताल बिघडतो.

शेजाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. रात्री दहानंतर हेडफोन.

६. अर्थिंग: हे वाचल्याशिवाय अ‍ॅम्प लावू नका

या भागासाठी बाकी काही विसरलात तरी चालेल.

गिटारच्या तारा ब्रिजमार्गे, केबलच्या बाहेरच्या जाळीतून, अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेला, आणि ती पिन घराच्या अर्थिंगला. तारांना हात लावला की घरघर कमी होते, ती याच जोडणीमुळे. पण अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पच्या आत काही बिघाड झाला, तर तोच सांगाडा, त्या तारा, आणि त्या धरलेलं तुमचं मूल विजेच्या वाटेत येतं. त्यात पावसाळ्यात ओली फरशी आणि अनवाणी पाय.

आपल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण पाठीमागे त्याला वायरच जोडलेली नसते. माझ्या स्वतःच्या माहेरच्या घरात हेच निघालं, वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नव्हता. म्हणून गिटार घरी यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अ‍ॅम्प लावायच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि घरात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी आहे का ते विचारा. नसेल तर बसवा. अंगातून वीज जायला लागली, तर क्षणात पुरवठा तोडणारं तेच एक साधन आहे.

जाड पीन काढून, कापून, किंवा दोन पिनांच्या अडॉप्टरमधून अ‍ॅम्प कधीही लावू नका. "घरघर गेली" म्हणून कोणी असं करून देईल, त्याला हात जोडून नको म्हणा. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर तारा सोडायच्या आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. मोठ्याने आधी सॉकेटचं बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा. हे मुलाला पाठ करून घ्या. मी वर्गात करून घेते.

अर्थिंगचं काम होईपर्यंत सेलवर चालणारा अ‍ॅम्प वापरा. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा.

७. पैसे कुठे जातात

दर बदलत असतात, त्यामुळे मी ठोकळ सांगते. नावाजलेल्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या गिटार पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतात, छोटा चांगला अ‍ॅम्प सहा ते दहा हजारांत. देशी ब्रँडच्या गिटार-अ‍ॅम्पच्या जोड्या याहून बऱ्याच स्वस्त मिळतात. त्या घ्यायला माझी ना नाही, फक्त वाचलेल्या पैशातून हजार-दीड हजार सेटअपला बाजूला ठेवा. सेटअप केलेली स्वस्त गिटार सेटअप न केलेल्या महागड्या गिटारपेक्षा मुलाला नक्कीच बरी.

याशिवाय तीन मीटरची एक बऱ्यापैकी केबल, पट्टा, स्टँड, तारा छेडायच्या चार-पाच मऊ पिक, नऊ नंबरचा तारांचा एक जादा संच आणि चिमटा ट्यूनर. पेडल, इफेक्ट यातलं काही वर्षभर लागत नाही.

८. मृग ते नवरात्र

गोव्यात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत हवा दिवसरात्र ओली असते. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे तेव्हा ऐंशीच्या वर असते. लाकूड पाणी पितं, नेकचा बाक बदलतो, आणि मे महिन्यात सुरेख वाजणारी गिटार ऑगस्टात अवघड होते. मूल म्हणतं, "पूर्वी जमत होतं, आता नाही." त्याचं खरं असतं. बाराव्या फ्रेटवर पुन्हा कार्डं घालून बघा. नेकच्या आत बाक धरणारी सळई असते, ती फिरवायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, हे तोही सांगेल.

गंज हा दुसरा शत्रू. घाम आणि खारं वारं मिळून पातळ तीन तारा आधी गंजवतात. गंजलेली तार बोटाला कापते आणि सुरात राहत नाही. वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, कापड तारेखाली सरकवून. अर्धं मिनिट लागतं. लेप दिलेल्या तारा महाग असतात, पण पावसाळ्यापुरत्या घ्याव्यात असं मला वाटतं.

गिटार बॅगेत ठेवत असाल, तर आत सिलिका जेलची पुडी टाका. केशरी दाणे घ्या, निळे नको, निळ्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं. ओल धरल्यावर केशरी रंग बदलतो. मग दाणे वेगळ्या भांड्यात, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दीड तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. पावसाच्या माऱ्याची भिंत असेल तिला गिटार टेकवू नका. एसीच्या झोताखालीही नको.

आमच्या घरी आजोबांची पेटी होती, देवळातल्या भजनाची. मृगापासून नवरात्रापर्यंत ते ती रोज थोडा वेळ तरी उघडायचेच, भजन असो नसो. भाता हलला नाही तर ओल बसते, म्हणायचे. गिटारच्या खुंट्या, जॅक आणि बटणं यांनाही तेच लागू आहे. रोज फिरणारं बटण खरखरत नाही.

९. पहिली संध्याकाळ

गिटार घरी आली की अ‍ॅम्प लगेच लावू नका. आधी सूर जुळवा. जाड तारेपासून क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर हेडला लावा आणि खुंटी मुलाच्या हातात द्या. सूर नेहमी खालून वर चढवायचा. वर गेला तर आधी खाली उतरवून पुन्हा वर घ्यायचा, म्हणजे तार खुंटीवर सैल राहत नाही.

मग अ‍ॅम्प बंद असतानाच केबल आधी गिटारला, नंतर अ‍ॅम्पला. व्हॉल्यूम शून्यावर, गेन खाली, स्वच्छ चॅनल. आता अ‍ॅम्प चालू करा आणि व्हॉल्यूम हळूहळू वर न्या, तुमचं बोलणं अडणार नाही इथपर्यंत. बंद करताना उलट क्रम.

पहिल्या दिवशी कॉर्ड वगैरे नको. आपल्या मुलांनी चवथीला घुमटाच्या तालावर आरत्या म्हटलेल्या असतात, सूर आणि ताल त्यांच्या अंगात असतो. त्यांना पातळ ई तारेवर, एकाच बोटाने, आरतीची पहिली ओळ शोधायला सांगा. चुकत चुकत, वरखाली सरकत, बहुतेक मुलं अर्ध्या तासात ती शोधतात. तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसा, सांगू नका, फक्त ऐका. ओळ सापडली की व्हॉल्यूम शून्यावर, अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर, कापड हातात द्या आणि तारा त्यालाच पुसू द्या. गिटार कपाटात नाही, बसायच्या खोलीत स्टँडवर ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात, खिडकीतल्या पागोळ्यांपासून लांब.